आबांनी टीव्ही का बंद केला?

पत्र :

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९८७ ते ८९ ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, पण त्याबद्दल घरात कधीच बोलत नाहीत. युद्धातला वेडेपणा, त्यातली विसंगती दाखवणारे चित्रपट मला फार आवडतात. शनिवारी रात्री लॅपटॉप टीव्हीला जोडून मी ते बघते. तीन आठवड्यांपूर्वी व्हिएतनाम युद्धावरचा ‘अपोकॅलिप्स नाउ’ लावला होता. माझा धाकटा भाऊ भरतीची तयारी करतोय. तो हेलिकॉप्टरच्या प्रसंगाला शिट्ट्या मारत होता आणि तेवढाच भाग त्याने तीनदा मागे घेऊन पाहिला. मागच्या शनिवारी ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ लावला. आबा आपणहून येऊन बसले. शेवटी त्या तीन शिपायांना गोळ्या घालायला नेतात, तिथे ते उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, “फौजेची बदनामी बघायला शिकवलं नव्हतं तुला.” मग अंगणात जाऊन बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. आई म्हणते, घरात ही थेरं नकोत. माझं चुकलं का? हे चित्रपट बारावीच्या मुलांना दाखवायचं मी ठरवलं होतं. तेही सोडून देऊ का?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझी बाजू घ्यावीशी वाटली, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आबांची. मग दोन दिवस ते तसंच टेबलावर ठेवलं. तुमच्या घरात एकाच टीव्हीसमोर दोन पुरुषांनी दोन चित्रपट पाहिले. एकाने शिट्टी मारली, दुसऱ्याने टीव्ही बंद केला. त्यांना जे वाटावं असं तुला वाटत होतं, ते दोघांनाही वाटलं नाही. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही आहे, कारण तू उद्या वर्गात हे चित्रपट लावशील तेव्हाही नेमकं हेच होणार आहे.

आधी आबांविषयी.

‘फौजेची बदनामी’ हा आरोप ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’वर पहिल्यांदा होत नाहीये. अमेरिकन दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने तो १९५७ साली काढला. गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैन्याची, पण फ्रान्समध्ये तो चित्रपटगृहात लागायला १९७५ साल उजाडलं. बंदीचा सरकारी कागद निघाला नव्हता. माजी सैनिकांचा आणि सरकारचा रोष एवढा होता, की वितरकांनी तो तिथे लावायचा प्रयत्नच केला नाही. तेव्हा तुझ्या आबांनी जे केलं ते एका अख्ख्या देशाने अठरा वर्षं केलं.

आणि तरीही ती बदनामी नाही. जनरलसाहेबांना बढती हवी असते, म्हणून ‘वारूळ’ नावाची टेकडी घ्यायचा हुकूम सुटतो. ती घेता येणार नाही हे शिपायापासून कर्नलपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. हल्ला फसतो. काही जणांना तर गोळीबारामुळे खंदकातून डोकंही वर काढता येत नाही. जनरल चिडून आपल्याच खंदकांवर तोफा डागायला सांगतो, तेव्हा तोफखान्याचा अधिकारी म्हणतो, लेखी हुकूम द्या. तो काही मिळत नाही. मग भित्रेपणाची शिक्षा म्हणून तीन कंपन्यांतून एकेक माणूस निवडला जातो. एकाचं नाव चिठ्ठीत निघतं. एक कोणालाच आवडत नसतो म्हणून निवडला जातो. तिसऱ्याला त्याच्याच अधिकाऱ्याने पाठवलेलं असतं, कारण या शिपायाने त्या अधिकाऱ्याचा भ्याडपणा डोळ्यांनी पाहिलेला असतो.

हे कादंबरीकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. ज्या कादंबरीवरून चित्रपट घेतला तिचा लेखक हम्फ्री कॉब स्वतः पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढला होता. आणि मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या सुएं गावापाशी जवळजवळ हेच घडलं. दमलेल्या पलटणीने खंदकाबाहेर पडायला नकार दिला, जनरलने आपल्याच खंदकांवर तोफा वळवायला सांगितल्या, तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लेखी हुकूम मागितला, आणि शेवटी १७ मार्चला चार कॉर्पोरलना इतरांना धडा म्हणून गोळ्या घातल्या. त्या चौघांपैकी एक, तेओफील मोपा, शाळामास्तर होता. त्याची बायको ब्लांशही शिक्षिका. नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसावा म्हणून ती जवळजवळ वीस वर्षं अर्ज, कोर्ट, सभा करत राहिली. एकामागून एक अर्ज फेटाळले गेले. १९३४ साली त्या चौघांना निर्दोष ठरवलं आणि भरपाई म्हणून तिच्या हातावर एक फ्रँक ठेवला. हा प्रतीकात्मक एक फ्रँक मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.

मग बदनामी कोणाची झाली? शिपायाची तर नाहीच. चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत शिपायाच्या बाजूने उभा आहे.

आता माझी विनंती ऐक. हे सगळं आबांना सांगायला जाऊ नकोस. माहिती खरी आहे, पण तुझ्या तोंडून ती त्यांना धडा दिल्यासारखी लागेल. आणि मला वाटतं, त्यांना धड्याची गरज नाही. त्यांनी टीव्ही कुठे बंद केला ते बघ. कोर्ट मार्शल त्यांनी शांतपणे पाहिलं, जनरलचा आचरटपणा पाहिला. तिघांना खांबाकडे नेतात तिथे उठले. त्या तिघांपैकी एकाची कवटी फुटलेली आहे, त्याला स्ट्रेचरवरून आणलंय. गोळी लागताना तो शुद्धीवर असावा म्हणून त्याचे गाल चिमटायला सांगतात. तू हे पाहतेस तेव्हा तुला विसंगती दिसते, आणि ती आहेच. मरणाऱ्या माणसाला मारण्यासाठी जागं करायचं! पण ज्याने स्ट्रेचर उचललेलं असतं, त्याला तिथे विसंगती दिसत नसेल. त्याला वजन आठवत असेल.

मी आबांना ओळखत नाही, तेव्हा हे माझं अनुमान समज. पण ‘श्रीलंका, १९८७ ते ८९’ एवढं तू लिहिलंस आणि पुढच्या ओळीवर गेलीस. मी मात्र तिथेच थांबले. २९ जुलै १९८७ला करार झाला. आपली फौज तिथे गेली ती तमिळ गट आणि श्रीलंकेचं सरकार यांच्यातली लढाई थांबवायला. नावच शांतिसेना. ऑक्टोबरात तीच फौज जाफन्यात तमिळ वाघांशी लढत होती, आणि त्या वाघांपैकी कित्येकांना काही वर्षांपूर्वी आपल्याच देशात शस्त्रं चालवायला शिकवलं होतं. मग कोलंबोत राष्ट्राध्यक्ष बदलले. ज्या देशाच्या सरकारने बोलावलं होतं त्याचेच नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, आता निघा. आणि आपली फौज लवकर जावी म्हणून त्यांच्या सरकारने वाघांनाच शस्त्रं पुरवली. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परत आली, तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. अकराशेहून जास्त जवान तिथे मारले गेले होते. त्यांची नावं कोरलेलं एक स्मारक आज कोलंबोजवळ उभं आहे, ज्या देशाने त्यांना जा म्हटलं होतं त्याच देशात.

तू ज्या चित्रपटांवर प्रेम करतेस त्यातल्या कुठल्याही पटकथेत हे शोभलं असतं. आणि तुझे आबा विशीत त्याच्या आत होते. मित्र कोण आणि शत्रू कोण हे दर सहा महिन्यांनी वरून बदलत असताना ते खाली गस्त घालत होते. युद्धात वेडेपणा असतो हे त्यांना नव्याने कळायचं नाहीये. त्यांनी कदाचित एवढंच सांभाळलंय, की ज्यात आपले सोबती गेले ते निरर्थक होतं असं कोणी आपल्या तोंडावर म्हणू नये. मुलीने तर नाहीच. ‘फौजेची बदनामी’ या शब्दांखाली मला हे ऐकू येतं.

म्हणून पहिलं काम : चित्रपटाबद्दल माफी मागू नकोस, पण एका गोष्टीबद्दल माग. जाऊन म्हण, “आबा, पिक्चर कशावर आहे ते मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते माझं चुकलं.” एवढंच. त्यापुढे ‘पण’ लावायचा नाही. उत्तर आलं नाही तरी चहा ठेवून निघून यायचं.

दुसरं काम जरा लांबचं आहे आणि ते मी एका चित्रपटाकडून शिकले. इस्रायलच्या आरी फोलमनने २००८मध्ये ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ काढला, चित्रांतून रेखाटलेला. फोलमन १९८२च्या लेबनॉन युद्धात एकोणीस वर्षांचा शिपाई होता. वीस-बावीस वर्षांनी एक जुना सोबती त्याला रात्री भेटतो आणि सांगतो, मला रोज तेच स्वप्न पडतं, सव्वीस कुत्री माझ्या मागे लागतात. सव्वीसच का? तर हा मुलगा माणसांवर गोळी झाडू शकत नव्हता, हे पलटणीला माहीत होतं. म्हणून गावात शिरताना भुंकून सगळ्यांना सावध करणारी कुत्री मारायचं काम त्याला दिलं होतं. त्याने मारली सव्वीस, आणि त्यातलं प्रत्येक त्याला आठवतं. हे ऐकून फोलमनच्या लक्षात येतं, की आपल्याला तर त्या युद्धातलं काहीच आठवत नाही. मग तो एकेका सोबत्याला शोधून काढतो, त्यांच्या घरी जाऊन बसतो आणि विचारतो : मी तिथे होतो का? आपण काय केलं?

मला त्या चित्रपटात सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? ती माणसं बायकोमुलांशी बोलत नाहीत, पण सोबती दारात आला की बोलतात. तुझ्या गावाकडे तर माजी सैनिकांना तोटा नाही. निवृत्त शिपायालाही लोक ‘मेजर’ म्हणून हाक मारतात असा तो मुलूख आहे. आबांच्या पलटणीतलं कोणीतरी आसपासच्या तालुक्यात असणारच. पेन्शनच्या कामाला, कॅन्टीनला, मेळाव्याला ते भेटत असतील. त्यांना घरी जेवायला बोलाव. आणि जेवणं झाल्यावर दोघं अंगणात बसले, की तू भांडी घेऊन आत जाऊ नकोस. तिथेच शेंगा निवडत बस. प्रश्न विचारायचेच झाले तर बारके विचार : जहाजातून गेलात का विमानातून? तिथं खायला काय मिळायचं? नारळाच्या तेलातलं चालायचं का? पाऊस कसा असायचा? पत्र किती दिवसांनी यायचं? ‘युद्ध कसं वाटलं’ असं कधीच विचारू नकोस. त्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. पण पत्र किती दिवसांनी यायचं याला उत्तर असतं, आणि त्या उत्तराच्या मागून कधीकधी दुसरं काहीतरी येतं. नाही आलं तर नाही आलं. बाप गप्प राहिला तर त्याला तो हक्क आहे.

आता धाकट्याकडे येऊ. त्याच्या शिट्ट्यांनी तुला आबांच्या रागापेक्षा जास्त धक्का बसलाय असं तुझ्या अक्षरावरून वाटलं.

रागावू नकोस त्याच्यावर. तो एकटा नाही. ‘जारहेड’ नावाचा २००५चा चित्रपट आहे, १९९०-९१च्या आखाती युद्धावरचा. त्यात तरुण अमेरिकन मरीन सैनिक युद्धावर निघण्याआधी एका सभागृहात बसून ‘अपोकॅलिप्स नाउ’मधला हाच हेलिकॉप्टरचा प्रसंग बघतात आणि तुझ्या भावासारखेच बेभान होऊन ओरडतात. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने तर म्हणून ठेवलंय, की युद्धविरोधी चित्रपट असा त्याने पाहिलाच नाही, प्रत्येक युद्धपट शेवटी युद्धाच्याच बाजूला जातो. मला हे पूर्ण पटत नाही, पण त्यातलं निम्मं खरं आहे हे मान्य करावं लागतं. पडद्यावर वेग, आवाज आणि संगीत एकत्र आले, की एकोणीस वर्षांचं रक्त उसळणारच. दिग्दर्शक कोपोलाने तो प्रसंग सुंदर करून ठेवलाय. जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत, समुद्र, उगवता सूर्य. ते सौंदर्य हाच त्यातला सापळा आहे, आणि कित्येक प्रेक्षक त्यातून बाहेर येतच नाहीत.

पण त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जी शिट्ट्यांच्या नादात निसटते. हेलिकॉप्टरमधलं संगीत मध्येच तुटतं. एकदम शांतता. खाली गावातली शाळा दिसते, पांढऱ्या कपड्यातली मुलं आणि त्यांना घेऊन निघालेली बाई. काही क्षण फक्त अंगणातले आवाज. मग लांबून तेच संगीत ऐकू यायला लागतं, आता खालून. आणि हा सगळा हल्ला याच ठिकाणी का, तर कर्नलला लाटांवर सर्फिंग करायचंय आणि तिथल्या लाटा चांगल्या आहेत. भावाने तो भाग तीनदा मागे घेतला ना? चौथ्यांदा त्याच्याबरोबर तू बस आणि शाळेच्या अंगणापासून लाव. काही समजावू नकोस. ती बाई कोण आहे, एवढं विचार. तूही शिक्षिका आहेस हे त्याला आपोआप कळेल.

जमलं तर नंतर ‘जारहेड’ही दोघं मिळून बघा. भाषा शिवराळ आहे, आईबाबा झोपल्यावर बघा. त्यातला नायक नेमबाज म्हणून तयार होतो, वाळवंटात महिनोन् महिने वाट बघतो, पाणी पितो, खड्डे खणतो, आणि युद्ध संपतं तेव्हा त्याच्या बंदुकीतून शत्रूवर एकही गोळी सुटलेली नसते. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर पळणाऱ्या मुलाने ‘वाट बघणं’ हेही फौजेत किती असतं ते पाहावं. आबा त्याला हे जास्त चांगलं सांगू शकतील, पण त्यांना वेळ लागेल.

मात्र एक पथ्य कडक पाळ. त्याला भरतीपासून परावृत्त करण्यासाठी हे चित्रपट वापरू नकोस. तू तसं लिहिलेलं नाहीस, पण मला तुझ्या पत्राच्या कडेला ती इच्छा दिसली. फौजेत जायचं की नाही यात घरची जमीन किती, पाऊस कसा, नोकऱ्या कुठे आहेत, आबांचा रुबाब त्याने लहानपणापासून कसा पाहिलाय, हे सगळं असतं. त्या निर्णयाविषयी त्याच्याशी सरळ बोल, समोरासमोर, आकडे आणि अटी घेऊन. सिनेमा आडून वापरलास तर तो मुलगा हुशार आहे, ओळखेल, आणि मग ना सिनेमावर विश्वास ठेवेल ना तुझ्यावर.

उरले तुझे विद्यार्थी. त्यांना दाखवायचं सोडू नकोस. पण ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ने सुरुवात करू नकोस, आणि ‘अपोकॅलिप्स’ तर त्या वयाला शाळेत नकोच.

‘नो मॅन्स लँड’ने सुरुवात कर. या चित्रपटाशी माझं आधी भांडण होतं. मार्च २००२मध्ये आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता. आम्ही घरातले सगळे पहाटेपासून टीव्हीसमोर. आणि परभाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं बक्षीस बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेलं. त्या दिवशी मी त्या अनोळखी चित्रपटाला नावं ठेवली. काही महिन्यांनी पाहिला आणि मनातल्या मनात शब्द मागे घेतले. दिग्दर्शक डानिस तानोविच हा बोस्नियाच्या युद्धात, राजधानी सारायेव्होच्या वेढ्यात कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. गोष्ट एवढीशी : दोन सैन्यांच्या मधल्या एका खंदकात एक बोस्नियन आणि एक सर्ब शिपाई अडकलेत. तिसरा एक जण पाठीवर पडलाय, आणि त्याच्या अंगाखाली सुरुंग पेरलेला आहे. तो उठला की तिघंही संपले. वरून संयुक्त राष्ट्रांची पांढरी गाडी येते, जाते, पुन्हा येते. पत्रकार येतात. साहेब हेलिकॉप्टरने येतात.

तुझ्या वर्गाला सगळ्यात लवकर कळेल ती एक जागा सांगते. दोघं भांडतात, युद्ध कोणी सुरू केलं? ज्याच्या हातात बंदूक असते तो विचारतो आणि दुसरा निमूटपणे म्हणतो, “आम्ही.” थोड्या वेळाने बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते. पुन्हा तोच प्रश्न, आणि आता पहिला म्हणतो, “आम्ही.” मुलं इथे हसतील. हसू दे. आणखी एक जागा सुरुवातीची : खंदकात बसलेला शिपाई पेपर वाचता वाचता मान हलवतो, रवांडात काय भयंकर चाललंय! ज्याच्या स्वतःच्या डोक्यावरून गोळ्या जाताहेत त्याला दुसऱ्याची काळजी. तिथेही हसतील, आणि थोड्या वेळाने गप्प होतील. मध्येच त्या दोन शत्रूंच्या लक्षात येतं, की एकाच शहरातली एकच मुलगी दोघांनाही माहीत आहे. फाळणी ऐकून वाढलेल्या आपल्या मुलांना हे परकं वाटणार नाही. विजय राजचा ‘क्या दिल्ली क्या लाहौर’ (२०१४) नंतर जोडीला लावता येईल. १९४८ची सरहद्द, दोन बाजूंचे दोन शिपाई, आणि दिल्लीचा माणूस पाकिस्तानच्या वर्दीत, लाहोरचा भारताच्या.

‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) तू इंग्रजी शिकवतेस म्हणून मुद्दाम सुचवते, भाषेसाठीसुद्धा. अणुयुद्धावर कुब्रिकला गंभीर चित्रपट करायचा होता. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं, की हास्यास्पद म्हणून आपण जे जे गाळतोय तेच तर खरं आहे. मग त्याने विनोदीच केला. “सज्जनहो, इथे मारामारी करायची नाही, ही युद्धाची खोली आहे,” हे त्यातलं वाक्य इंग्रजीत ऐकव आणि मुलांना विचार, यात नेमकं काय चुकलंय. व्याकरणाचा अख्खा तास होईल. आपल्याकडे गोंधळाच्या कारभाराला ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ म्हणतात. या चित्रपटांत मात्र आंधळं कोणी नसतं, सगळे डोळस, गणवेशाला इस्त्री केलेले, नियमावली तोंडपाठ असलेले. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’तलं कोर्ट मार्शल आठव. महालातली चकचकीत फरशी, कडक सॅल्यूट, बचावासाठी रीतसर अधिकारी, शेवटी पाद्रीसुद्धा. फक्त आरोपपत्र वाचलं जात नाही आणि कोणाच्या बोलण्याची नोंद ठेवली जात नाही. मुलांना हे दिसायला लागलं ना, तर तुझे शनिवार कारणी लागले.

‘कम अँड सी’ दाखवू नकोस. १९८५चा, एलेम क्लिमोव्हचा. माझ्या मते युद्धावर यापेक्षा खरा चित्रपट कोणी काढलेला नाही, आणि त्रुफोला उत्तर द्यायचंच झालं तर ते हेच. हा पाहून कोणी शिट्टी मारत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेलारूसमधला एक पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि हसत हसत जर्मनांशी लढणाऱ्या छापामारांत सामील होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा होतो. पटकथेचा एक लेखक आलेस आदामोविच स्वतः त्या वयात त्या जंगलांत छापामारांबरोबर होता. शेवटी पडद्यावर ओळ येते, की बेलारूसमधली ६२८ गावं तिथल्या माणसांसकट जाळली गेली. क्लिमोव्ह त्यानंतर अठरा वर्षं जगला, पण त्याने पुन्हा चित्रपट केला नाही. तूही तो एकटीने बघू नकोस, आणि रात्री तर नकोच. सतरा वर्षांच्या मुलांना वर्गात बसवून, दार लावून, उठून जायची सोय न ठेवता दाखवायची ही वस्तू नाही.

आणि वर्गात एक लक्षात ठेव. तुझ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरात कोणीतरी फौजेत आहे किंवा होतं. एखाद्या पोरीचा बाप आत्ता या क्षणी कुठल्यातरी ठाण्यावर असेल. चित्रपट काय आहे, त्यात काय दिसणार आहे, हे आधी सांग, ज्याला बाहेर जायचं त्याला कारण न विचारता जाऊ दे. आबांना जे तू सांगितलं नाहीस ते मुलांना सांग. आबांना वर्गात बोलवून ‘अनुभव सांगा’ असं मात्र करू नकोस, मुख्याध्यापकांनी कितीही आग्रह केला तरी.

आईला माझा नमस्कार सांग. ‘थेरं’ हा शब्द त्यांनी रागाने वापरला असेल, पण घरातली शांतता सांभाळत ती बाई किती वर्षं बसली असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो माणूस लंकेहून परतला आणि नंतर तिचा संसार सुरू झाला. रात्री तो दचकून उठत असेल तर ते तिलाच माहीत. शेंगा निवडायला तिलाही बोलाव.

एक शेवटचं. आबांनी टीव्ही बंद केला तिथे चित्रपट संपत नाही. साधारण दहा मिनिटं उरतात. खानावळीत पलटणीतले शिपाई दारू पीत बसलेत. मालक एका जर्मन मुलीला पकडून आणलेली चीजवस्तू असल्यासारखी स्टेजवर ढकलतो. शिपाई ओरडतात, शिट्ट्या मारतात, वाटेल ते बोलतात. ती रडत रडत एक साधं गाणं म्हणायला लागते, शत्रूच्या भाषेतलं. आवाज हळूहळू थांबतात. मग एकेक जण तिच्याबरोबर गुणगुणायला लागतो, शब्द कळत नसताना, आणि म्हाताऱ्या, तरुण, दाढी वाढलेल्या चेहऱ्यांवरून पाणी वाहायला लागतं. बाहेर कर्नल उभा असतो. पलटणीला लगेच आघाडीवर परत जायचा हुकूम आलेला असतो. तो सार्जंटला म्हणतो, अजून काही मिनिटं राहू दे त्यांना.

दोन महिन्यांनी म्हण, वर्षाने म्हण, आबा कधी विषय काढून म्हणाले, “त्या पिक्चरचं पुढं काय झालं गं?” तर पहिल्यापासून लावू नकोस. खानावळीपासून लाव.

तुझी,
ताई